खाडीच्या तोंडाशी थांबलेले इटालियन

१

रोहा आणि अष्टमी यांच्या मधून कुंडलिका वाहते. वरून भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी येते आणि खालून, रेवदंड्याच्या बाजूने, भरतीचे पाणी चढते. माझे बालपण रोह्यातले, आजोळ पेणचे. संध्याकाळी पुलावर उभे राहून चढणारे पाणी पाहणे हा आमचा फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम होता. हे पाणी तीसेक किलोमीटर खालच्या चौल बंदरातून येते आणि त्या बंदरात एके काळी अरबस्तानापासून व्हेनिसपर्यंतचे लोक येत, असे शाळेत गुरुजींनी सांगितले, तेव्हापासून एक किडा माझ्या डोक्यात शिरला. इतके लोक चौलास आले, त्यांनी पुस्तके लिहिली, मग त्यांतल्या एखाद्याने तरी आमच्या रोह्याचे नाव लिहिले असेलच की!

पुढे वाचनाची सोय झाली तेव्हा मी हे नाव शोधू लागलो. कुलाबा जिल्ह्याचे १८८३चे इंग्रजी गॅझेटियर हाती आले. त्यातल्या चौलवरच्या पानांत बोलोन्याचा लुडोविको दि वार्थेमा, व्हेनिसचा चेझारे फेडेरिची, रोमचा पिएत्रो देल्ला वाल्ले हे इटालियन प्रवासी ओळीने भेटले. त्यांच्या ओळी वेचून, तारखा लावून, तिथे मांडून ठेवल्या होत्या. रोह्याचे नाव मात्र त्यांत नव्हते. ते मिळाले, म्हणजे अष्टमीचे मिळाले, ते एका इंग्रजाच्या प्रवासात. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून निघाला, चौलास उतरला आणि अष्टमी, निजामपूर असे मुक्काम करीत रायगडास पोहोचला. इंग्रजी स्पेलिंगात अष्टमीचे नाव ओळखू न येण्याइतके मोडले होते, तरी मला एखादे ताम्रपट सापडल्याचा आनंद झाला होता.

आज त्या आनंदाची थोडी लाज वाटते. गावाचे नाव शोधणारा वाचक पुस्तक शेवटाकडून, म्हणजे सूचीकडून वाचतो. इटालियनांची पुस्तके मी वर्षानुवर्षे अशीच वाचली. ‘चौल’ शब्द शोधायचा, पान उघडायचे, चार ओळी टिपून घ्यायच्या, पुस्तक मिटायचे. आपल्याकडे या प्रवाशांचे वाचन बहुतेक असेच झाले आहे. इतिहासाचे साधन म्हणून आपण त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आणि कामापुरती साक्ष घेऊन सोडून दिले. ते लेखकही होते, त्यांच्या गद्याला स्वतःचा चेहरा आहे, ही गोष्ट नजरेआड राहिली. निवृत्तीनंतर मी ही पुस्तके इंग्रजी भाषांतरांतून पहिल्या पानापासून वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. त्यासाठी मी एक पाचवा माणूस सोबत घेतला आहे. तो इटालियन नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचा आहे.

२

वार्थेमाचे ‘इतिनेरारियो’ हे पुस्तक १५१० साली रोममध्ये छापले गेले आणि थोड्याच वर्षांत युरोपातल्या अनेक भाषांत गेले. हा माणूस मुळात बिलंदर. दमास्कसला मामलुक सैनिकांत शिरून, युनूस हे नाव घेऊन तो मक्केला जाऊन आला. एडनमध्ये पकडला गेला तेव्हा त्याने वेडाचे सोंग घेतले. हिंदुस्थानात तो असाच वेष पालटून आला आणि गेला तो पोर्तुगीजांच्या बाजूने लढून, व्हाइसरॉय आल्मेइदाकडून सरदारकी मिळवून. १५०४च्या सुमारास तो खंबायतहून चौलास आला.

त्याने चौलाविषयी लिहिले आहे ते जेमतेम पानभर. शहराला चांगला तट आहे. ते समुद्रापासून दोन मैलांवर आहे. सुरेख नदी आहे आणि तिच्यातून परदेशी गलबतांची मोठी ये-जा चालते. ही सुरेख नदी म्हणजे आमची कुंडलिका. धान्य विपुल, सुती कापड भरपूर, घोडे, बैल, गाई पुष्कळ. न्याय चोख. आणि मग तो म्हणतो की इथे सगळे काही मिळते, फक्त द्राक्षे, अक्रोड आणि चेस्टनट मिळत नाहीत.

गॅझेटियर वाचताना मी ही ओळ ओलांडून पुढे जात असे. चौलात चेस्टनट नसतात हे सांगायला कोणी बोलोन्याहून कशाला यायला हवे? पण पुस्तक सलग वाचले तेव्हा तीच ओळ मला त्या पानातली सर्वांत खरी ओळ वाटली. बाकीची माहिती वार्थेमा जवळजवळ प्रत्येक बंदराविषयी देतो. तट, पाणी, धान्य, कापड, न्याय असा त्याचा एक ठरलेला तक्ता आहे आणि प्रत्येक गावी तो त्याचे रकाने भरतो. चेस्टनटच्या ओळीत मात्र तक्त्यामागचा माणूस दिसतो. डोंगरातल्या चेस्टनटवर ज्या मुलुखातल्या गरिबांचा हिवाळा निघतो, त्या मुलुखाचा हा माणूस परक्या गावी काय आहे ते मोजताना आपल्या घरी जे असते त्याचे माप हातात धरून उभा आहे.

वार्थेमाची मर्यादाही याच मापात आहे. चौलाचा राजा मूर्तिपूजक आहे असे तो लिहून जातो. त्या वेळी चौलावर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. इथल्या लोकांचा धर्म कालिकतच्या राजासारखाच आहे, तेव्हा तो पुढे सांगेन, म्हणून तो विषय उरकतो. कोकणी माणसाच्या देवाधर्माविषयी काही विचारावे असे त्याला वाटले नाही. त्याच्या सांगण्याविषयी शंकाही जुन्याच आहेत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ताने हा मनुष्य कालिकत-कोचीनच्या पुढे गेलाच नाही, असा आरोप केला. चौलपुरता तो आरोप लागू होत नाही. पण ज्याला मक्केत युनूस होता आले, एडनमध्ये वेडा होता आले, त्याला चौलात कोणाशी दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत, हे त्याचे वाङ्मयीन अपयश मला ओर्ताच्या आरोपापेक्षा मोठे वाटते. सोंगे घेण्यात पटाईत असलेल्या या लेखकाला दुसऱ्याचा आवाज कधीच काढता आला नाही. त्याच्या पुस्तकात लोक बोलतात ते बहुधा त्याच्या सुटकेसाठी, त्याच्या कौतुकासाठी.

३

चेझारे फेडेरिची सरळ व्यापारी. १५६३ साली तो व्हेनिसहून निघाला, अठरा वर्षे पूर्वेकडे फिरला आणि १५८७ साली त्याचे प्रवासवर्णन व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या काळापर्यंत चौलाची दोन शहरे झाली होती. खाली, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीजांचे, वर निजामशहाचे. निजाम-उल-मुल्कचे नाव इटालियन तोंडात ‘झामालुको’ होते. मालाची यादी फेडेरिची झरझर देतो: मसाले, औषधी, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी भांडी. ही यादी आहे, वर्णन नाही. व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्यासाठी लिहिलेला तो चोपडीचा उतारा आहे आणि तसे म्हटल्यास फेडेरिचीला राग येणार नाही.

पण याच चौलच्या प्रकरणात तो माडापाशी येतो आणि त्याची चोपडी बाजूला पडते. जगातले सर्वांत किफायतशीर झाड, असा तो निर्वाळा देतो; मग त्याचे काय काय होते ते सांगू लागतो आणि त्याला थांबवत नाही. लाकडाचे गलबत, झावळांचे शीड, काथ्याचे दोर. वर लादायला नारळ, माडी आणि तिच्यापासूनची साखर. म्हणजे एकाच झाडाचे गलबत बांधावे, त्याच झाडाच्या मालाने ते भरावे आणि समुद्रात सोडावे! अलिबाग-रेवदंड्याच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला यात नवे काही नाही. आपल्याकडे त्याला कल्पवृक्ष म्हणून आपण मोकळे होतो. फेडेरिचीला तो शब्द ठाऊक नव्हता, म्हणून त्याला सगळा हिशेब मांडावा लागला, आणि हिशेब मांडता मांडता किफायतीचे रूपांतर नवलात झाले. नफ्याचे माप घेऊन आलेला माणूस अशा वस्तूपुढे उभा राहतो की तिचा नफा मोजून संपत नाही. त्याच्या सगळ्या पुस्तकात मला हे पान मनापासून आवडते.

तरीही एक प्रश्न राहतोच. माडावर चढणारा भंडारी, काथ्या कुजवून वळणारी बाई, शीड उभारणारा कोळी यांच्यापैकी कोणीही या पानावर नाही. झाडाचे गलबत जणू आपोआप होते. चौलास येणारा तांदूळ खाडीच्या वरच्या अंगाकडून, घाटाखालच्या गावांतून येत असणार. ते पाणी कुठून येते असे या दोघांपैकी एकानेही विचारल्याचे दिसत नाही. नदीला सुरेख म्हणणारा वार्थेमा नदीच्या तोंडाशीच थांबला.

व्यापाऱ्याकडून इतकी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हटले असते, पण अफानासी निकितीन आडवा येतो. तोही व्यापारीच, रशियातल्या त्वेर गावचा. या इटालियनांच्या आधी, पंधराव्या शतकात, एक घोडा घेऊन तो चौलास उतरला. तिथून तो आत शिरला, पालीला गेला, घाट चढून जुन्नरला गेला. तिथे त्याचा घोडा खानाने अडकवून ठेवला, धर्म बदलण्याचा दबाव आला. बीदरला लोकांशी ओळखी झाल्या, तेव्हा आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने त्यांना सांगितले आणि त्यांनीही त्याच्यापासून मग काही लपवले नाही. रेवदंड्यात आज निकितीनचे स्मारक आहे, इटालियनांचे नाही, आणि हा न्याय मला चुकीचा वाटत नाही. निकितीनची भाषा ओबडधोबड आहे, पण तो आमच्या बाजूच्या डोंगरात येऊन गेला.

इटालियनांमध्ये आणखी एकाचा उल्लेख इथेच करायला हवा. फ्लॉरेन्सचा फिलिप्पो सास्सेत्ती १५८३मध्ये कोचीनला आला आणि १५८८ साली गोव्यात वारला. तो चौलचा लेखक नाही. पण १५८०च्या दशकात घरी पाठवलेल्या एका पत्रात त्याने लिहून ठेवले की इथल्या जुन्या शास्त्रभाषेतले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आपल्या भाषेतल्या शब्दांशी जुळतात. सात म्हणजे ‘सेत्ते’, आठ म्हणजे ‘ओत्तो’, नऊ म्हणजे ‘नोवे’, साप म्हणजे ‘सेर्पे’. विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे नाते मांडले ते १७८६ साली, म्हणजे यानंतर दोनशे वर्षांनी. सास्सेत्तीने सिद्धांत मांडला नाही, कानाला जे लागले ते टिपले. त्यासाठी त्याला कोणाचे तरी बोलणे ऐकावे लागले असणार. हे पत्र वाचल्यापासून ‘अष्टमी’ची पाटी दिसली की मला तो ‘ओत्तो’ आठवतो. ऑक्झेंडनने गावाचे नाव लिहिले त्यापेक्षा गावाच्या नावातला आकडा फ्लॉरेन्सच्या एका माणसाला ओळखीचा वाटला असता, याचे मला आता जास्त अप्रूप आहे.

४

पिएत्रो देल्ला वाल्ले १५८६ साली रोमच्या खानदानी घरात जन्मला. तो व्यापारी नव्हता, सैनिक नव्हता, पाद्री नव्हता. प्रेमभंगाचे दुःख घेऊन तो यात्रेला निघाला, बगदादला मानी नावाच्या ख्रिस्ती तरुणीशी त्याने लग्न केले आणि १६२१च्या अखेरीस इराणच्या किनाऱ्याजवळ ती वारली. तिचा देह त्याने मसाले भरून पेटीत ठेवला आणि ती पेटी सामानात दडवून बरोबर घेतली. १६२३ साली तो सुरतेस उतरला तेव्हा ती पेटी त्याच्याबरोबर होती. हिंदुस्थानचा सगळा प्रवास तिच्यासह झाला आणि १६२७ साली रोममध्ये आपल्या घराण्याच्या जागेत त्याने तिला पुरले. नेपल्सच्या मारिओ स्किपानो या मित्राला लिहिलेली पत्रे, हे त्याच्या पुस्तकाचे रूप. हिंदुस्थानचा भाग त्याच्या मृत्यूनंतर, १६६३मध्ये, प्रसिद्ध झाला.

ही पेटी लक्षात ठेवून देल्ला वाल्लेचे गद्य वाचावे. तो सारखा पाहतो, मोजतो, तपशील लिहितो. पण त्याला घाई नाही. वरच्या चौलात तो हिंडला, देवळे पाहिली, तळ्याकाठच्या देवळाकडे त्याने सावकाश पाहिले. गिरसप्प्याच्या घाटात एका देवळाच्या ओसरीवर काही पोरे वाळू पसरून, बोटाने आकडे काढत, एकसुरात म्हणत गणित शिकत होती. तो त्यांच्यापाशी थांबला, चौकशी केली, पद्धत समजून घेतली. आमच्या पिढीने पाढे असेच गाऊन पाठ केले आणि आमच्या आधीच्यांनी धुळाक्षरे अशीच काढली. चारशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन माणसाने त्या पोरांच्या सुराकडे कान द्यावा, ही गोष्ट माझ्या लेखी चौलच्या तटबंदीच्या मापापेक्षा मोलाची आहे.

पण त्याचे पुस्तक उंचावर जाते ते इक्केरीला. तिथे त्याला एक बाई दिसली. नवरा वारला होता आणि ती सती जाणार होती. देल्ला वाल्ले तिच्या घरी गेला. तिचे नाव त्याने विचारले आणि लिहिले: जाक्कमा. तिने हसतमुखाने त्याच्याशी गप्पा मारल्या. दोन मुलांचे काय, असे त्याने विचारले तेव्हा त्यांना सांभाळणारी माणसे आहेत, असे तिने सांगितले. कोणी जबरदस्ती केली का, असेही त्याने खोदून विचारले. त्याने तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि तो फुकट गेला. शेवटी, तुझे नाव मी माझ्या लेखनातून जगापुढे ठेवीन, इतकेच वचन तो देऊ शकला. ते त्याने पाळले.

या प्रसंगाविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. परक्या मुलुखातली बाई जळताना पाहण्याची युरोपी प्रवाशांची हौस जुनी आहे आणि देल्ला वाल्लेच्या कुतूहलातही ती थोडी आहे. जाक्कमाचे बोलणे दुभाष्यातून आले आहे. तिचा हसरा निर्धार कितपत तिचा आणि कितपत सभोवती जमलेल्या नातलगांसाठी होता, हे तो पारखू शकत नव्हता. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की इथे त्या लेखकाचे माप मोडते. मेलेल्या बायकोला सोडवत नाही म्हणून तिचा देह समुद्रापार नेणारा पुरुष, मेलेल्या नवऱ्याच्या मागे जाणाऱ्या बाईसमोर बसला आहे. तिला वेडी म्हणणे त्याला शक्य नाही आणि तिचे बरोबर आहे असेही म्हणवत नाही. पेटीचा उल्लेख तो इथे करीत नाही. मानीचे नावही घेत नाही. पण पहिल्या पानापासून वाचत आलेल्या वाचकाला ती त्या खोलीत दिसते. सूचीतून ‘इक्केरी’ काढून वाचणाऱ्याला ती दिसणार नाही.

आणि तरीही चौलात देल्ला वाल्लेसुद्धा कोणाचे नाव लिहीत नाही. तिथल्या देवांची नावे तो कानाने जमतील तशी टिपतो, माणसांची नाही. इटालियनांच्या चौलात सव्वाशे वर्षांत एकही स्थानिक माणूस तोंड उघडत नाही.

५

ज्या वर्षी कुलाब्याचे गॅझेटियर या इटालियनांच्या ओळी वेचून बाहेर पडले, त्या १८८३च्या सुमारास याच जिल्ह्यात, पेणजवळच्या वरसईत, विष्णुभट गोडसे आपला प्रवास मोडीत लिहून काढत होते. सरकारी इतिहासाला त्यांची खबर नव्हती. कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून १८५७च्या मार्चमध्ये, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी ऐकून, ते काकांबरोबर उत्तरेस निघाले आणि बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. त्यांनी लूट पाहिली, कत्तल पाहिली, पुन्हा पुन्हा लुबाडले गेले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले.

इटालियनांच्या शेजारी विष्णुभटांना बसवण्याचे कारण स्थानाभिमान नाही. तेही परमुलुखात गेलेले प्रवासीच होते आणि तेही माप घेऊनच निघाले होते. वार्थेमाला चेस्टनट, तशी विष्णुभटांना दक्षिणा. कोणत्या गावी ब्राह्मणाचा मान कसा, पंगत कशी, हाती काय पडले, याची नोंद ते फेडेरिचीच्या काटेकोरपणाने ठेवतात. जातीची उतरंड त्यांच्या नजरेतून क्षणभरही हलत नाही. हे त्यांच्या लेखनाचे न्यून आहे आणि ‘माझा प्रवास’चे गुणगान करताना आपण ते सहसा बोलून दाखवत नाही.

तरी झाशी पडल्यानंतर, काल्पीच्या वाटेवरच्या एका विहिरीपाशी त्यांचे माप मोडते. धुळीने माखलेली, पठाणी वेषातली, तहानेने कासावीस झालेली राणी तिथे येते. विष्णुभट तिच्यासाठी पाणी शेंदायला पुढे होतात आणि ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मला पाणी काढून देऊ नका, मीच काढते, अशा आशयाचे बोलून ती स्वतः पाणी काढते आणि मातीच्या भांड्यातून पिते. मग विधवेच्या चार घासांपुरती गरज असलेल्या आपण या उद्योगात कशा पडलो, हे ती थोडक्यात सांगते. ज्या उतरंडीने राणीने ब्राह्मणाचा मान राखावा, तिचा नियम इथे पाळला जातो आणि पाळता पाळता तिचा अर्थच उलटा होतो. दक्षिणा देणारी घाटावर पाणी ओढते आहे आणि दक्षिणा घ्यायला आलेला रिकाम्या हाताने उभा आहे. विष्णुभट यावर भाष्य करीत नाहीत. पुढे निघतात.

जाक्कमाचे घर आणि ही विहीर मी आता शेजारी शेजारी वाचतो. दोन्हीकडे मरणाच्या वाटेवरची बाई, दोन्हीकडे तिचे ऐकून घेणारा पुरुष, दोन्हीकडे पुढे कागदावर आलेले तिचे शब्द. देल्ला वाल्ले वचन देतो आणि कवितेची भाषा करतो. विष्णुभटांजवळ देण्यासारखे वचन नव्हते. पंचवीस वर्षे त्यांनी ते शब्द डोक्यात वागवले. दोघांत डावे-उजवे करायचे झाले तर मी विष्णुभटांकडे झुकेन, कारण त्यांच्या पानावर राणी लेखकापेक्षा मोठी राहते. देल्ला वाल्लेच्या पानावर शेवटी कवीला थोडी जागा लागतेच.

प्रवासवर्णन वाचताना मी आता हेच पाहतो. लेखक किती दूर गेला, त्याने काय काय पाहिले, तो खरे किती बोलला, हे प्रश्न इतिहासकाराचे आहेत आणि ते आवश्यकही आहेत. समीक्षकाने पाहायचे ते हे की घरून आणलेले माप कोणत्या पानावर अपुरे पडले आणि ते अपुरे पडल्याचे लेखकाने आपल्याला दिसू दिले का. वार्थेमा ते कधीच होऊ देत नाही. फेडेरिचीकडून ते एकदा, माडापाशी, नकळत होते. देल्ला वाल्ले त्यासाठी बसून राहतो.

६

शेवटी एका योगायोगाविषयी. १९०७ साली तीन पुस्तके बाहेर आली. चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभटांचे ‘माझा प्रवास’ त्यांच्या मृत्यूनंतर छापले. सावरकरांचे ‘जोसेफ मॅझिनी’ पुण्यात प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. आणि विल्यम अर्व्हाइनने केलेल्या निकोलाओ मनुचीच्या इंग्रजी भाषांतराचे खंड निघू लागले. मनुची व्हेनिसचा. १६६५ साली जयसिंगाच्या छावणीत तो पत्ते खेळत बसला असताना शिवाजी महाराज आत आले आणि, मनुचीच्या सांगण्याप्रमाणे, हा कुठला राजा, असे त्यांनी जयसिंगाला विचारले. इथे एकदा तरी पाहणारा स्वतः पाहिला गेला. हा मनुची पुढे ज. स. चौबळांच्या ‘असे होते मोगल’मधून मराठीत आला.

मराठी वाचकाने इटलीकडून काय घेतले, ते या वर्षात स्पष्ट दिसते. स्वातंत्र्याची घाई असलेल्या पिढीला मॅझिनी हवा होता आणि तो तिने अगदी आपला करून घेतला. तो कधी इथे आला नव्हता, याने काही बिघडले नाही. मोगलांचा इतिहास हवा होता म्हणून मनुची आला. जे इटालियन प्रत्यक्ष आमच्या खाडीत गलबतातून उतरले, ते गॅझेटियरच्या पानांत राहिले. विष्णुभटांच्या वाट्यालाही निराळे काही आले नाही. वैद्यांनी छापताना त्यांची भाषा आणि मजकूर यांत फेरफार केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली, तेव्हा ती वाचकापर्यंत पोहोचली. घरच्या माणसाचेही बोलणे आपल्याला आधी नीटनेटके करून घ्यावेसे वाटले. परक्याच्या चार ओळी तोडून घेणे आणि आपल्याच्या ओळी सुधारून घेणे, या दोन्ही सवयींच्या मुळाशी पुस्तक संपूर्ण ऐकून घेण्याचा कंटाळा आहे. तो मी स्वतः तीस वर्षे केला, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार घेतो.

रोह्याचे नाव इटालियनांनी लिहिले नाही. आता त्याचे वाईट वाटत नाही. लिहिले असते तर ते वार्थेमाच्या तक्त्यात बसले असते: तट नाही, तांदूळ विपुल, चेस्टनट नाहीत. गेल्या पावसाळ्यात पेणहून परतताना वरसईच्या फाट्यावरून गाडी गेली, तेव्हा मनात आले की या दोन तालुक्यांतल्या घरांच्या माळ्यांवर अजून कोणाचे मोडीतले बाड पडलेले असेल. कोणी सुरतेला गेलेला, कोणी काशीला, कोणी गलबतावर चाकरी केलेला. सापडलेच, तर त्यात कोणत्या साहेबाचे नाव आहे हे आधी शोधू नये. पहिल्या पानापासून वाचावे.